क्लेअरचा विजय आणि क्लेअरचे विसरलेले मतदार

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आयर्लंडच्या राजकीय इतिहासावर आलेला लेख मी आस्थेने वाचला. या विषयावर मराठीत फार कमी लिहिले जाते, त्यामुळे लेखकाचे आणि आपले आभार मानणे हे माझे पहिले कर्तव्य आहे. मात्र १८२८ साली क्लेअर मतदारसंघातून कॅथलिकांच्या हक्कांच्या चळवळीचे नेते डॅनियल ओकॉनेल निवडून आले आणि त्यामुळे आयर्लंडमधील कॅथलिकांना मतदानाचा हक्क मिळाला, अशा अर्थाचे एक विधान त्या लेखात आहे. ते बरोबर नाही. ही चूक केवळ तपशिलाची असती, तर मी पत्र लिहिण्याच्या भरीस पडलो नसतो. पण घडले ते जवळजवळ याच्या उलट होते. ज्या मतदारांनी ओकॉनेल यांना निवडून दिले, त्यांतील बहुसंख्यांचा मतदानाचा हक्क त्या विजयाच्या पाठोपाठ काढून घेण्यात आला. ही गोष्ट वगळली की क्लेअरचा इतिहास ओकॉनेल यांचे चरित्र होऊन बसतो, आणि ज्यांनी तो घडवला ती माणसे त्यातून नाहीशी होतात. म्हणून या मतदारसंघाची हकिगत मतदारांच्या बाजूने थोडी सविस्तर मांडण्याची परवानगी घेतो.

क्लेअर ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची काउंटी, म्हणजे जिल्हा. एका बाजूला अटलांटिक महासागर, दक्षिणेला आणि पूर्वेला शॅनन नदी, उत्तरेला बरेनचा चुनखडीचा उघडा माळ, आणि मध्यभागी फर्गस नदीकाठचे एनिस हे मुख्य शहर. आयर्लंडची स्वतंत्र संसद १ जानेवारी १८०१ पासून ब्रिटिश संसदेत विलीन झाली, तेव्हा पूर्वीच्या आयरिश हाउस ऑफ कॉमन्समधील ३०० जागांच्या ठिकाणी आयर्लंडच्या वाट्याला वेस्टमिन्स्टरमध्ये १०० जागा आल्या. ३२ काउंट्यांना प्रत्येकी दोन याप्रमाणे त्यांतल्या ६४ जागा काउंट्यांच्या होत्या. क्लेअरच्या दोन जागा त्यांतल्याच, आणि त्या पिढ्यानपिढ्या जमीनदार घराण्यांच्या आपसातल्या समजुतीने भरल्या जात.

आता मतदार कोण होते ते पाहू. कॅथलिकांचा मतदानाचा हक्क १७२८ मध्ये कायद्याने काढून घेण्यात आला होता, आणि १७९३ मध्ये आयरिश संसदेनेच तो परत दिला. म्हणजे १८२८ च्या निवडणुकीच्या वेळी आयर्लंडमधील कॅथलिक ३५ वर्षांपासून मतदान करत होते. काउंटीत मत मिळण्यासाठी ४० शिलिंगांचा फ्रीहोल्डर असावे लागे. हा शब्द ऐकून कोणी जमिनीचा मालक डोळ्यांसमोर आणू नये. आयर्लंडमध्ये एखाद्या व्यक्तीच्या किंवा काही व्यक्तींच्या हयातीपर्यंत चालणारा भाडेपट्टासुद्धा कायद्याच्या दृष्टीने फ्रीहोल्ड ठरे, आणि खंड वजा जाता अशा जमिनीपासून वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड, इतका लाभ होतो असे दाखवता आले की कुळाला मत मिळे. जमीनदारांनी १७९३ नंतर असे पट्टे मुद्दाम वाढवले, कारण जितकी कुळे मतदार, तितके आपले राजकीय वजन, असा त्यांचा सरळ हिशोब होता. मतदान उघड होते. कुळाने कोणाचे नाव घेतले हे जमीनदाराला तिथल्या तिथे कळे, आणि ज्याचा खंड थकला आहे, त्याला पुढे काय होईल हे सांगण्याची गरज नसे. धर्माने कॅथलिक असलेला हा गरीब शेतकरी प्रोटेस्टंट जमीनदाराच्या उमेदवाराला वर्षानुवर्षे मत देत राहिला, तो या कारणाने.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा १८२६ मध्ये वॉटरफर्ड काउंटीत गेला. बेरेसफर्ड या बलाढ्य घराण्याच्या उमेदवाराला तिथल्या कुळांनी पाडले आणि कॅथलिकांच्या हक्कांना पाठिंबा देणाऱ्या प्रोटेस्टंट उमेदवाराला निवडून दिले. त्यामागे १८२३ मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक असोसिएशनचे बळ होते. महिन्याला एक पेनी अशी वर्गणी ही संघटना चर्चच्या दारात गोळा करीत असे. एका पेनीने माणूस संघटनेचा घटक होई, आणि त्या पैशातून बेदखल झालेल्या कुळांना मदत करण्याची हमी देता येई. जमीनदाराच्या धाकाला उत्तर द्यायचे, तर आधी त्या धाकाची किंमत चुकवण्याची तयारी लागते, हे असोसिएशनने नेमके ओळखले होते.

क्लेअरमध्ये १८२८ साली निमित्त साधे होते. त्या काळी खासदाराने राजसत्तेखालील पगारी पद स्वीकारले, तर त्याला आपली जागा सोडून पुन्हा निवडून यावे लागे. पंतप्रधान वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात क्लेअरचे खासदार विल्यम व्हेसी-फिट्झजेराल्ड यांची बोर्ड ऑफ ट्रेडचे, म्हणजे व्यापार खात्याचे, अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली आणि पोटनिवडणूक लागली. फिट्झजेराल्ड हे वाईट जमीनदार नव्हते. ते कॅथलिकांच्या हक्कांचे समर्थक होते, आणि त्यांच्या वडिलांनी ब्रिटनशी विलीनीकरणाला विरोध केल्यामुळे आपले सरकारी पद गमावले होते. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध उभे राहायला योग्य प्रोटेस्टंट उमेदवार मिळेना. अखेर ओकॉनेल स्वतः उभे राहिले. इथे कायद्यातली एक खाच लक्षात घेतली पाहिजे. कॅथलिकाने उमेदवारी करू नये असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नव्हते. अडसर होता तो सभागृहाच्या मेजाजवळ घ्यावयाच्या शपथांचा. त्यांत कॅथलिक प्रार्थनाविधी आणि संतांची आराधना मूर्तिपूजक व पाखंडी असल्याचे जाहीर करावे लागे, आणि इंग्लंडच्या राजाचे धर्मविषयक श्रेष्ठत्व मान्य करावे लागे. कोणताही श्रद्धाळू कॅथलिक ते करणार नव्हता. म्हणजे तो निवडून येऊ शकत होता, पण आसनावर बसू शकत नव्हता. मतदार त्याला मत देऊ शकत होते, पण त्यांचे मत दाराशीच अडणार होते. ओकॉनेल पेशाने वकील होते, आणि ही विसंगती सरकारच्या गळ्यात अडकवायची असे त्यांनी ठरवले.

मतदान जुलैच्या पहिल्या आठवड्यात एनिस येथे झाले. संपूर्ण काउंटीचे मतदान एकाच शहरात होई आणि ते अनेक दिवस चाले. तो प्रसंग क्षणभर डोळ्यांसमोर आणावा अशी वाचकांना विनंती आहे. दूरच्या किनाऱ्यावरून, डोंगरकपारीतल्या वस्त्यांमधून माणसे पायी निघालेली आहेत. कित्येकांना इंग्रजी धड येत नाही, घरात आयरिश बोलली जाते. जमीनदार किंवा त्याचा कारभारी आपल्या कुळांचा जथा घेऊन शहरात येतो, त्यांनी कोणाला मत द्यायचे ते त्याच्या मते ठरलेलेच आहे. वाटेत गावचे धर्मगुरू उभे असतात आणि ते त्याच कुळांशी त्यांच्याच भाषेत बोलतात. मग प्रत्येक जण मेजाजवळ येतो. तिथे कारकून बसलेला, उमेदवारांचे हस्तक बसलेले, आणि मागे उभा असलेला जमीनदाराचा माणूस कान टवकारून ऐकतो आहे. अशा वेळी मतदाराला मोठ्याने एक नाव उच्चारायचे असते. ओकॉनेल. या एका शब्दाबरोबर घर, पट्टा, शेणखतावर पोसलेला बटाट्याच्या शेताचा तुकडा, सारे काही पणाला लागते. असे हजारो शब्द त्या आठवड्यात एनिसमध्ये उच्चारले गेले. फिट्झजेराल्ड यांचे नाव सुचवणारे ड्रोमोलँडचे सर एडवर्ड ओब्रायन यांच्यासारख्या मातब्बर जमीनदाराची कुळेसुद्धा त्यांना सोडून गेली. शहरात हजारो लोक जमले होते, सैन्य जवळ आणून ठेवले होते, आणि तरीही दंगल झाली नाही. निवडणूक संपेपर्यंत दारूला शिवायचे नाही, असा निश्चय लोकांनी केला होता आणि तो पाळला. मला स्वतःला या साऱ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. निकाल लागला तेव्हा ओकॉनेल यांना २,०५७ आणि फिट्झजेराल्ड यांना ९८२ मते पडली होती.

पुढचे आपल्या लेखात आले आहे, पण अर्धेच. पंतप्रधान वेलिंग्टन आणि गृहमंत्री रॉबर्ट पील यांना दिसले की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत आयर्लंडच्या काउंट्यांमधून एकामागून एक कॅथलिक निवडून येतील, आणि त्यांना दाराबाहेर ठेवायचे झाले तर यादवी ओढवेल. पील यांनी आपले मत बदलले म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जागेचा राजीनामा देऊन पुन्हा कौल मागितला आणि ते हरले. तरीही राजा चौथा जॉर्ज याची मोठ्या कष्टाने समजूत काढून १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक मुक्तीचा कायदा मंजूर करण्यात आला. कॅथलिकांना त्यातून मिळाला तो संसदेत बसण्याचा आणि बहुतेक वरिष्ठ पदे भूषवण्याचा हक्क. मतदानाचा हक्क नव्हे, तो त्यांच्याजवळ होताच.

त्याच वेळी, त्या कायद्याच्या जोडीने, दुसरा एक कायदा करण्यात आला, आणि माझी तक्रार त्याच्या अनुल्लेखाबद्दल आहे. आयर्लंडच्या काउंट्यांमध्ये मतदाराची पात्रता ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेण्यात आली. १० पौंड म्हणजे २०० शिलिंग, एकदम पाचपट. संपूर्ण आयर्लंडमधील काउंटी मतदारांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार होती, ती ३७ हजारांच्या आसपास आली. एनिसच्या मेजाजवळ उभे राहून जमीनदाराच्या तोंडावर ओकॉनेल यांचे नाव घेणारे जे शेतकरी होते, त्यांतल्या बहुतेकांना त्यानंतर मतदानाच्या मेजाजवळ पुन्हा कधी जाता आले नाही. सुशिक्षित कॅथलिक वकील, व्यापारी आणि सधन जमीनधारक यांच्यासाठी संसदेचे दार उघडले, आणि ज्यांच्या खांद्यावर चढून ते दारापर्यंत पोहोचले, त्यांना अंगणाबाहेर काढले गेले.

ओकॉनेल यांनी हे घडू दिले का, हा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर मी सावधपणे देतो. १८२५ मध्ये अशाच एका विधेयकाच्या वेळी ४० शिलिंगवाल्यांचा हक्क सोडून देण्यास ते तयार झाले होते. हे गरीब मतदार जमीनदाराच्या मुठीत असतात, त्यांचे मत स्वतंत्र नसतेच, असे तेव्हा त्यांना वाटत होते. ते विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात फेटाळले गेले. वॉटरफर्डच्या निकालाने त्यांची समजूत खोटी ठरवली, तेव्हा त्यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. १८२९ मध्ये त्यांनी या कायद्याला विरोध नोंदवला, परंतु मुक्तीचा कायदा हातातून जाईल इतका तो ताणला नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने वेगळे काही केले असते, असे मी म्हणू शकत नाही. पिढ्यानपिढ्यांची मागणी पदरात पडत होती. पण त्या सौद्याची किंमत कोणी मोजली, हे लिहून ठेवणे इतिहासलेखकाचे काम आहे, आणि ओकॉनेल यांच्या मोठेपणाला त्याने बाधा येत नाही.

खुद्द ओकॉनेल यांनाही सरकारने सुखासुखी आत घेतले नाही. मुक्तीचा कायदा मागच्या तारखेपासून लागू केलेला नव्हता, त्यामुळे त्यापूर्वी निवडून आलेल्या क्लेअरच्या खासदाराला जुन्या शपथा लागूच राहिल्या. १५ मे १८२९ रोजी ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये मेजाजवळ आले. शपथेचा मजकूर त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी तो पाहिला, आणि त्यातली एक गोष्ट खोटी असल्याचे आपल्याला ठाऊक आहे व दुसरी खरी असल्याचे आपण मानत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन शपथ नाकारली. जागा रिकामी ठरली, आणि जुलैअखेर क्लेअरने त्यांना पुन्हा, या वेळी बिनविरोध, निवडून दिले. तोवर मतदार यादीवर नवी १० पौंडांची अट लागू झाली होती. १८३० च्या फेब्रुवारीत ते आसनावर बसले, आणि त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत क्लेअर सोडून वॉटरफर्ड काउंटीतून निवडून गेले. ज्या मतदारसंघाने त्यांना हा मान मिळवून दिला, त्याचे प्रतिनिधित्व त्यांनी सभागृहात प्रत्यक्ष केले ते केवळ काही महिने. आज एनिसच्या चौकात, जुने न्यायालय होते त्या जागी, उंच स्तंभावर त्यांचा पुतळा उभा आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांतले क्लेअरचे खासदार मी भरभर ओलांडतो. त्यांत १८३२ पासून दीर्घकाळ निवडून आलेले कॉर्नेलियस ओब्रायन हे एक होते, आणि मोहरच्या कड्यांवर त्यांनी १८३५ मध्ये बांधलेला बुरूज त्यांच्या राजकारणापेक्षा जास्त टिकला. मतदारांच्या दृष्टीने खरी उलथापालथ दुष्काळाने केली. बटाट्यावरील रोगाने १८४५ पासून पीक बुडू लागले, आणि क्लेअरची लोकसंख्या १८४१ मधील सुमारे २ लाख ८६ हजारांवरून १८५१ मध्ये २ लाख १२ हजारांवर आली. काउंटीच्या पश्चिमेला किलरशच्या परिसरात हजारो माणसांना घरांतून बाहेर काढण्यात आले आणि ती परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरे उतरवण्यात आली. १८२८ मध्ये एनिसला चालत गेलेल्या त्या शेतकऱ्यांची कित्येक मुलेनातवंडे या काळात मेली किंवा जहाजाने देश सोडून गेली.

१८५० मध्ये आयर्लंडसाठी मतदानाचा नवा कायदा झाला. भाडेपट्ट्याच्या हयातीचा किचकट हिशोब बाजूला ठेवून, ज्याच्या ताब्यातील मालमत्तेचे करआकारणीसाठीचे मूल्य काउंटीत १२ पौंड आहे, त्याला मत देण्यात आले. देशभरातील मतदार सुमारे ४५ हजारांवरून १ लाख ६३ हजारांवर गेले. पण मतदान उघडच राहिले, आणि त्याचा अर्थ काय होतो ते क्लेअरने दोनच वर्षांत पाहिले. २२ जुलै १८५२ रोजी सिक्समाइलब्रिज या गावात मार्क्वेस कॉनिंगहॅम यांच्या कुळांना मतदानासाठी नेणारे ताफे येत होते, आणि बरोबर बंदोबस्ताला ३१ व्या रेजिमेंटचे सैनिक होते. आपली माणसे जमीनदाराच्या उमेदवारासाठी सैन्याच्या पहाऱ्यात नेली जात आहेत, हे पाहून जमाव आडवा आला, दगडफेक झाली आणि सैनिकांनी गोळीबार केला. किमान सहा माणसे ठार झाली. मृत्यूच्या चौकशीत पंचांनी सैनिकांवर आणि बरोबरच्या दंडाधिकाऱ्यावर खुनाचा ठपका ठेवला, पण पुढे कोणावरही खटला उभा राहिला नाही. १८२८ मध्ये हजारोंच्या गर्दीत एक थेंब रक्त सांडले नव्हते, आणि २४ वर्षांनंतर त्याच काउंटीत मतदारांच्या गाडीभोवती प्रेते पडली. फरक माणसांच्या स्वभावात नव्हता. १८२८ चा मतदार स्वतःच्या निश्चयाने आलेला होता, आणि १८५२ च्या त्या रस्त्यावर मतदार बंदुकांच्या रांगेमधून नेला जात होता.

गुप्त मतदानाचा कायदा १८७२ मध्ये आला आणि जमीनदाराच्या माणसाला मेजामागे उभे राहण्याचे कारण उरले नाही. क्लेअरचे राजकारण त्यानंतर झपाट्याने बदलले. १८२८ मध्ये ओकॉनेल यांच्या बाजूने धावपळ करणारे, १८३० मध्ये स्वतः क्लेअरमधून निवडून येऊन नंतर ती निवडणूक रद्द झालेले ओगॉर्मन मॅहन हे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १८७९ मध्ये, पुन्हा क्लेअरचे खासदार झाले. त्यांच्याबरोबर १८८० मध्ये निवडून आलेले दुसरे खासदार कॅप्टन विल्यम ओशे. ओशे यांच्या पत्नीशी असलेल्या संबंधांवरून उभ्या राहिलेल्या घटस्फोटाच्या खटल्याने पुढे १८९० मध्ये आयरिश पक्षाचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांचे नेतृत्व संपवले, हे वाचकांना ठाऊक असेल.

पार्नेल यांचेच १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिसमध्ये झालेले भाषण या मतदारसंघाच्या इतिहासात १८२८ च्या खालोखाल महत्त्वाचे आहे. शेजाऱ्याला बेदखल करून रिकामी केलेली जमीन जो दुसरा शेतकरी घेईल, त्याचे काय करायचे, असा प्रश्न त्यांनी श्रोत्यांना विचारला. त्याला गोळी घाला, असे आवाज गर्दीतून उठले. पार्नेल यांनी त्याहून चांगला मार्ग सांगितला. त्याच्याशी रस्त्यात बोलू नका, दुकानात बोलू नका, बाजारात बोलू नका, प्रार्थनेच्या जागीसुद्धा त्याला एकटे सोडा, असा तो मार्ग. काही आठवड्यांतच मेयो काउंटीत जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉट याच्यावर तो वापरला गेला, आणि त्याच्या आडनावाचा शब्द बहिष्कार या अर्थाने जगभर गेला. मतदानाचा हक्क हिरावलेल्या माणसाच्या हाती उरलेले हे शस्त्र त्याच शहरात जाहीरपणे मांडले गेले, जिथे त्याच्या आजोबांनी एका नावाच्या उच्चाराने सरकार हलवले होते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

१८८४ च्या कायद्याने काउंट्यांमधील बहुतेक पुरुष कुटुंबप्रमुखांना मत मिळाले आणि आयर्लंडमधील मतदार सुमारे सव्वादोन लाखांवरून सात लाखांच्या पुढे गेले. १८२९ मध्ये काढून घेतलेला हक्क कुळांच्या घरात ५५ वर्षांनी परत आला, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी मतदारसंघांची फेररचना होऊन क्लेअर काउंटी हा दोन जागांचा जुना मतदारसंघ संपला. त्याच्या जागी पूर्व क्लेअर आणि पश्चिम क्लेअर असे एकेका जागेचे दोन मतदारसंघ झाले. पश्चिम क्लेअरने १९०९ मध्ये आर्थर लिंच यांना निवडून दिले. बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढल्याबद्दल या गृहस्थांना देशद्रोहाखाली फाशीची शिक्षा झाली होती आणि पुढे माफी मिळाली होती. पूर्व क्लेअरमधून १८९२ पासून विली रेडमंड निवडून येत राहिले. आयरिश पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांचे ते धाकटे बंधू. स्वराज्य संसदेच्या मार्गाने मिळेल या विश्वासाने ते पहिल्या महायुद्धात, पन्नाशी उलटल्यावर, ब्रिटिश सैन्यात भरती झाले आणि ७ जून १९१७ रोजी बेल्जियममधील मेसीन येथे धारातीर्थी पडले.

त्यांच्या मृत्यूने लागलेल्या पोटनिवडणुकीत, १० जुलै १९१७ रोजी, सिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाचे एमन डी व्हॅलेरा यांना ५,०१० आणि आयरिश पक्षाचे पॅट्रिक लिंच यांना २,०३५ मते पडली. डी व्हॅलेरा हे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात फाशीच्या शिक्षेतून वाचलेले, महिन्याभरापूर्वी तुरुंगातून सुटलेले. एनिसच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवरून त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ एवढाच होता की आपण वेस्टमिन्स्टरमध्ये जाऊन बसणार नाही. ओकॉनेल यांना क्लेअरने निवडले ते त्या सभागृहाचे दार उघडावे म्हणून. डी व्हॅलेरा यांना निवडले ते त्या दाराकडे पाठ फिरवावी म्हणून. दोन्ही वेळा मतदारांना ठाऊक होते की आपला माणूस आसनावर बसणार नाही, आणि दोन्ही वेळा त्यांनी दुपटीहून जास्त मतांनी त्यालाच पाठवले. या दोन निवडणुकांना जोडणारा एवढा ठळक दुवा आपल्या लेखात यायला हवा होता.

शेवटी एका गोष्टीची नोंद करतो, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले मी पाहिले नाही. १९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरील पुरुषांना आणि काही अटींसह ३० वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले, आणि आयर्लंडमधील मतदार सुमारे ७ लाखांवरून १९ लाखांवर गेले. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत सिन फेन पक्षाने देशातील १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. परंतु पूर्व क्लेअरमधून डी व्हॅलेरा आणि पश्चिम क्लेअरमधून ब्रायन ओहिगिन्स हे दोघेही बिनविरोध निवडून आले. मतपेट्या मांडल्याच गेल्या नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये पहिली आयरिश लोकसभा, म्हणजे डॉल, भरली. १९२१ मध्ये सारी क्लेअर काउंटी चार जागांचा एकच मतदारसंघ झाली आणि त्या वर्षीही दक्षिण आयर्लंडमधील प्रत्येक जागा बिनविरोध गेली. १९२२ मध्ये वेस्टमिन्स्टरमधील क्लेअरच्या जागा कायमच्या संपल्या. म्हणजे त्या संसदेसाठी मतदान करण्याचा हक्क क्लेअरच्या स्त्रियांना कागदावर मिळाला, पण तो बजावण्याची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही.

तेव्हा माझी आपणास विनंती आहे की पुढील अंकात दुरुस्ती छापताना दोन वाक्ये अवश्य घ्यावीत. एक, १८२९ मध्ये आयर्लंडच्या कॅथलिकांना मिळाला तो संसदेत बसण्याचा हक्क. आणि दुसरे, त्याच वर्षी ४० शिलिंगांच्या काउंटी मतदारांचा मतदानाचा हक्क कायद्याने रद्द झाला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक